प्रेशर पडलं, पण ट्रॅकवर नेमकं कुठे पडलं?

ट्रॅक डेहून, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवून, आलेला माणूस ‘इंजिन ऑइलच्या प्रेशरचा काटा खाली येत होता’ म्हणाला, की नाशिकमध्ये कुणालाही विचारा, औषध एकच: जाड ऑइल टाक. माझ्या मित्राने तेच केलं. ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल काढून २०डब्ल्यू-५० हे जाड भरलं आणि पुढच्याच ट्रॅक डेला कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. ऑइल पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत होतं, तरीही.

ऑइल तापून पातळ होणं हा एक आजार, पंपाला ऑइलच न मिळणं हा दुसरा. काटा दोन्हीत पडतो, साम्य तेवढंच.

पहिला सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तापलेलं ऑइल बेअरिंगच्या फटींतून लवकर निसटतं आणि प्रेशर उतरतं. ऑइल कूलर लावा, इंजिनाला चालेल अशी पुढची जाड ग्रेड घ्या, मध्ये एखादा लॅप, म्हणजे ट्रॅकचा फेरा, सावकाश मारा. झालं.

दुसऱ्यासाठी परात डोळ्यांसमोर आणा. पाणी भरलेली परात मांडीवर घेऊन मुंबई नाक्याच्या सर्कलला वळलात तर पाणी बाहेरच्या काठाला चढेल. सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइल साठवणारं भांडं, मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात तो, बहुतेक गाड्यांत असाच पसरट असतो. चांगल्या टायरवर ट्रॅकच्या वळणात ऑइल बाजूला १ जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्याच जोराने, ओढलं जातं; खाली ओढणारं गुरुत्वाकर्षणही १ जीच. म्हणजे ऑइलचा पृष्ठभाग थेट ४५ अंशांनी कलतो. ऑइल ओढणाऱ्या पंपाची जाळी मात्र चेंबरच्या तळाशी एकाच जागी बसलेली. ऑइल भिंतीवर चढलं, जाळी उघडी पडली, की पंप हवा ओढतो. बेअरिंगला क्रँकच्या धातूपासून वेगळं ठेवणारा ऑइलचा थर तिथेच तुटतो.

‘कसारा घाटात इतकी वळणं घेतो, तिथे कधी काही झालं नाही,’ असं हमखास ऐकायला मिळतं. घाटात वळण क्षणात संपतं आणि आरपीएमही कमी असतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरचं दहा-अकरा क्रमांकाचं लांबलचक उजवं वळण तसं नाही. तिथे गाडी कित्येक सेकंद एकाच बाजूला दाबलेली राहते आणि इंजिन वरच्या आरपीएमला गरगरत असतं. अशा वेळी इंजिनातलं बरंचसं ऑइल वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, आणि क्रँक या फिरत्या दांड्याभोवती अडकलेलं असतं. चेंबरमध्ये आधीच थोडं उरलेलं, तेही भिंतीवर.

म्हणून काटा किती पडला यापेक्षा कुठे पडला ते बघा. तापलेल्या ऑइलचं प्रेशर लॅपगणिक हळूहळू उतरतं आणि सरळ रस्त्यावरही कमीच दिसतं. उपाशी पंपाचं प्रेशर दर लॅपला त्याच वळणात, किंवा जोरात ब्रेक दाबताना, धाडकन कोसळतं आणि वळण सुटलं की जागेवर येतं. ऑइलचं तापमान नॉर्मल असलं तरीही. या दुसऱ्या आजारात जाड ऑइल उलट घात करतं, कारण ते हेडमधून खाली उतरायला जास्त वेळ घेतं.

‘लाल दिवा लागला नाही ना?’ या प्रश्नाने मला खरंच त्रास होतो. तो दिवा बहुतेक गाड्यांत प्रेशर अर्ध्या बारच्या (बार हे प्रेशरचं माप) आसपास उतरल्यावर पेटतो. ६००० आरपीएमला प्रेशर तिथवर येईपर्यंत बेअरिंगचं नुकसान होऊन गेलेलं असतं. कंपनीच्या मीटरवरही विसंबू नका, अनेक गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. वेगळा प्रेशर सेन्सर बसवा आणि त्याची नोंद बाजूच्या जी-फोर्सच्या नोंदीशेजारी ठेवून बघा.

उपायांत माझी पहिली पसंती बॅफलला: जाळीभोवती कप्पे आणि आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या झडपा, म्हणजे ऑइल जाळीकडे येतं पण परत पळत नाही. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात असं काम करणारे चांगले वेल्डर मिळतात. अर्धा लिटर ऑइल जास्त भरण्याचा थोडा फायदा होतो, पण त्याहून जास्त भराल तर क्रँक ते घुसळून फेस करतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. त्यापुढे अ‍ॅक्युम्युलेटर. या सिलिंडरमध्ये प्रेशरखाली साठवलेलं ऑइल काटा पडताच इंजिनात जातं. काही सेकंदांची उसनवारी आहे ती, बॅफलला पर्याय नाही.

शेवटचा उपाय ड्राय सम्प. त्यात ऑइल चेंबरमध्ये साठतच नाही. एक पंप खालून ओढून टाकीत टाकतो, दुसरा टाकीतून इंजिनाला देतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये हेच तत्त्व होतं. पण खर्च मोठा. गाडी रोज ऑफिसला नेणार असाल तर त्याच्या नादी लागू नका. आणि चेंबर तसाच ठेवून आधी स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले रेसिंगचे, टायर घेऊ नका. पकड वाढली की जी वाढतो, ऑइल आणखी वर चढतं.

मित्राच्या नव्या इंजिनाखाली झडपांचा चेंबर आहे, आत पुन्हा ५डब्ल्यू-३०. गेल्या खेपेच्या नोंदीत दहा-अकराच्या वळणातही प्रेशरची रेघ खाली आली नव्हती.