ऐकणारं कुणीतरी हवं: सातारा-सांगलीतल्या बायकांच्या आत्मकथनामागचा इतिहास

दुपारची जेवणं आटोपली की पाच-दहा जणी कुणाच्या तरी घरी नाहीतर वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात. एक विषय ठरतो, माहेरची विहीर म्हणा किंवा पहिला पगार म्हणा. वीसेक मिनिटं सगळ्यांनी मुकाट्यानं लिहायचं आणि मग एकेकीनं वाचायचं. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत, न मागता सल्ला द्यायचा नाही, इथलं बोलणं इथंच ठेवायचं. आपल्या आयुष्याबद्दल लिहिणाऱ्या बायकांचे गट साधारण असे चालतात. ‘हे पुण्या-मुंबईचं खूळ’ म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. पण या प्रकाराची मुळं शोधायला निघालं तर पुण्याच्या बरंच अलीकडे, सातारा-सांगलीतच थांबावं लागतं.

सातारा आणि सांगली एका दमात घेण्याचं कारण साधं आहे. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधीच्या आठवणींत देवराष्ट्रे काय आणि आष्टा काय, साताऱ्याकडचीच गावं.

बाईनं स्वतःबद्दल बोलायची सगळ्यात जुनी जागा अर्थात जात्याची. पहाटेच्या अंधारात बाई जात्याशी बोलायची, कारण दुसरं ऐकणारं कुणी नसायचं. बाईचा जन्म नको रे देवा, रात्रंदिवस परक्याची ताबेदारी, अशा अर्थाची ओवी आपल्याकडे घरोघर होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यावरून या बोलण्याचा पसारा कळतो. सांगलीच्या तारा भवाळकरांनी तर आयुष्यभर हेच मांडलं की ओव्यांमधून आणि संत स्त्रियांच्या रचनांमधून बाईचा स्वतःचा सूर ऐकू येतो. २०२५ साली दिल्लीत झालेल्या ९८व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. मिरजेचा वेणाबाईंचा मठ याच वाटेवरचा. लहानपणीच विधवा झालेली ही बाई रामदासांची शिष्या झाली, कीर्तनाला उभी राहिली. तिची समाधी सज्जनगडावर आहे. तिनं ‘सीतास्वयंवर’ लिहिलं, स्वतःबद्दल मात्र फारसं नाही.

बाई स्वतःबद्दल कागदावर लिहू लागली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तेही बहुतेक वेळा नवऱ्याला किंवा नवऱ्यामुळे. नायगावच्या सावित्रीबाईंनी १८५६ साली आजारपणात माहेराहून जोतिरावांना लिहिलेलं पत्र बघा. भाऊ समोर बसून टोमणे मारतो आहे, तुम्ही दोघं महारामांगांसाठी हे काय करता म्हणतो आहे, आणि ही त्याला उत्तर देते आहे. वाद घरातला आहे, तो ऐकवायला माणूस मात्र पुण्यात. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांची बायको होऊन पुण्याला गेली. रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक १९१० साली, रानडे गेल्यावर नऊ वर्षांनी निघालं. नवरा शिकवतो म्हणून घरातल्या बायका कशा छळायच्या ते त्यात आहे, पण पुस्तकाच्या मध्यभागी रानडेच. आष्ट्याला जन्मलेल्या काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, कादंबऱ्या लिहिल्या. स्वतःचं आत्मचरित्र मात्र अपुरंच राहिलं आणि त्या १९४८ साली वारल्यानंतर तीसेक वर्षांनी छापलं गेलं. दुसरीचं आयुष्य आधी लिहून झालं, स्वतःचं राहून गेलं. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

यानंतर जे घडलं ते नांगराच्या कारखान्यात. औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथल्या छापखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली, कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी तिचं मासिक केलं आणि १९३० साली त्याच वाडीतून ‘स्त्री’ सुरू केलं. रुळांच्या कडेच्या त्या वस्तीतून निघालेला अंक टपालानं गावोगावच्या घरांत जायचा. पाकक्रिया आणि विणकाम असायचंच, पण हुंडा, शिक्षण, नको असलेलं लग्न यांवरही लिहिलं जायचं, आणि लिहिणाऱ्यांत बायका असायच्या. जिला शेजारणीजवळ मन मोकळं करता येत नव्हतं तिच्यासाठी घराबाहेरचं, ओळखीचं नसलेलं, तरी आपल्यातलं वाटणारं कुणीतरी निर्माण झालं. समोरासमोर बसणं तेवढं बाकी होतं.

ती कसर भरायला चाळीस-पन्नास वर्षं गेली. अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कसारख्या शहरांत बायका गोल करून बसू लागल्या आणि आपापले अनुभव पाळीपाळीनं सांगू लागल्या. आजच्या लेखनगटांचे पाळी, गुप्तता, मध्ये न बोलणं हे नियम बरेचसे तिकडचे. आपल्याकडे १९७५च्या महिला वर्षानं वारं आलं. सांगली-साताऱ्यात मात्र त्याला दुष्काळाची आणि जमिनीची धार होती. इथं परित्यक्ता बायका एकत्र आल्या, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घराला जागा मागू लागल्या. त्यात पुढे होत्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर, इंग्रजांना झुगारून १९४२नंतर इथं चाललेल्या समांतर सरकारच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या काळापासून चळवळीत असलेल्या. नवऱ्यानं टाकलं हे चारचौघींत मोठ्यानं सांगायचं, हीच तिथली पहिली पायरी. प्रतिसरकारचंच बघा: पुरुषांच्या आठवणींची पुस्तकं निघाली, त्याचे पुढारी नाना पाटील यांच्या मुलीची, हौसाताईंची, गोष्ट सर्वदूर गेली ती नव्वदी गाठल्यावर पत्रकार विचारायला आले तेव्हा. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर खोट्या नवऱ्याच्या हातचा खरा मार त्यांनी खाल्ला. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्यापाशी जरा थांबायला हवं. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या आधी वाचायच्या. नवरा माल आणायला गेला की लिहायचं आणि लिहिलेलं जुन्या वर्तमानपत्रांखाली, जिथं कुणाचा हात जाणार नाही अशा कोपऱ्यात सारायचं. असं वीसेक वर्षं चाललं. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाअभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी उत्तेजन दिलं, आणि १९८२ साली हे लेखन क्रमशः आलं ते ‘स्त्री’मध्ये. ‘जिणं आमुचं’ पुस्तक १९८६चं. त्यात वीरगावचा महारवाडा आहे, बाबासाहेबांच्या हाकेनं उठलेल्या बायका आहेत, सुनांचे हाल आहेत. स्वतः नवऱ्याचा मार खाल्ला हे मात्र बेबीताईंनी पुस्तकात लिहिलं नाही. पुढे इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांनी मुलाखतीत विचारलं तेव्हा ते सांगितलं, आणि असं बहुतेक बायकांच्या वाट्याला येत होतं, मला माझ्या समाजाचं लिहायचं होतं, अशा अर्थाचं उत्तर दिलं. लिहायचं काय आणि नुसतं सांगायचं काय, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. लेखनगटातही प्रत्येक बाई हेच ठरवत असते. ‘सगळं ओतून टाका’ असा आग्रह धरणाऱ्या संचालिकांचं मला म्हणूनच पटत नाही. त्याच १९८६ साली शेजारच्या माणदेशातल्या महूदच्या शिक्षिका शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही पुस्तकरूपानं आलं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न इथं टाळता येत नाही. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण संस्थापक सभासद बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा अर्ज केला आणि १९९७ साली बँक उघडली. २००८पासून त्याच गावात माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, तिथं बायका कागदाशिवाय बोलतात. लेखनगटांनीही हीच सोय करून घेतली तर बरं: म्हातारीनं सांगायचं, नातीच्या वयाच्या मुलीनं उतरवून घ्यायचं आणि मग तिच्यादेखत पुन्हा वाचून दाखवायचं, म्हणजे ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ असं तिला तिथल्या तिथं सांगता येतं.