सामायिक लायब्ररीचे स्थान

एकमेकांशी संबंधित अनेक सॉफ्टवेअर प्रकल्पांना जो कोड समान लागतो, तो कोणत्या रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातील बदलांची नोंद ठेवणाऱ्या भांडारात) आणि कोणाच्या देखरेखीखाली ठेवायचा याचा निर्णय. लायब्ररी म्हणजे इथे मूळ कोडचा संच. प्रोग्राम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम त्याला जोडून देते ती फाइल हा निराळा विषय आहे. वरवर पाहता हा फोल्डर इकडून तिकडे हलवण्याचा प्रश्न वाटतो, पण बदलाला मंजुरी कोण देणार, नवी आवृत्ती केव्हा निघणार आणि कोणाचे काम कोणासाठी अडून राहणार, हे सगळे त्यातूनच ठरत जाते.

बऱ्याच सामायिक लायब्रऱ्या आधी एखाद्या ॲप्लिकेशनच्या पोटात वाढतात. जिंप हा चित्रसंपादनाचा प्रोग्राम १९९६ साली लोकांसमोर आला, तेव्हा खिडक्या आणि बटणे काढण्यासाठी तो मोटिफ या व्यावसायिक टूलकिटवर अवलंबून होता. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या त्याच्या कर्त्यांनी मोटिफऐवजी स्वतःचे टूलकिट लिहिले, तेच जीटीके. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ग्नोम प्रकल्पाने ते उचलले आणि जिंपपुरते केलेले साधन एका संपूर्ण डेस्कटॉपचा पाया झाले. जीटीकेमध्येही याद्या, हॅश टेबल, मजकूर हाताळणी असा बराच कोड होता, ज्याचा पडद्यावरच्या खिडक्यांशी काही संबंध नव्हता. तो जीलिब या नावाने वेगळा काढण्यात आला. आज क्यूईएमयू हा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रामसुद्धा जीलिब वापरतो. लायब्ररी कुठे जन्मली हे तिची जागा ठरवताना फारसे कामाचे नसते. ती कोणावर अवलंबून आहे आणि तिच्यावर कोण, हे पाहावे लागते.

समजा लायब्ररी 'अ' प्रकल्पातच राहिली आणि 'ब'ला ती हवी आहे, तर 'ब'ला अख्खा 'अ' ओढून घ्यावा लागतो. उद्या 'अ'ला 'ब'मधले काही लागले की वर्तुळ तयार होते आणि आधी काय बिल्ड करायचे, म्हणजे मूळ कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम कोणाचा आधी तयार करायचा, हेच ठरेनासे होते. केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाने यावर काढलेला तोडगा अभ्यासण्याजोगा आहे. त्यांची केडीईलिब्स ही एकसंध लायब्ररी फोडून जुलै २०१४ मध्ये ५० हून अधिक स्वतंत्र फ्रेमवर्क, म्हणजे लहान लायब्रऱ्या, प्रसिद्ध झाली आणि त्यांना तीन स्तर नेमून देण्यात आले. पहिल्या स्तरातील फ्रेमवर्कला क्यूटी (केडीई ज्यावर उभे आहे ते टूलकिट) व सिस्टिम लायब्रऱ्यांपलीकडे कशावरही अवलंबून राहता येत नाही, दुसऱ्या स्तराला पहिल्याचा आधार घेता येतो, तर तिसऱ्या स्तरातील फ्रेमवर्क आपल्याच स्तरातील इतरांचाही आधार घेऊ शकतात. नवा कोड कुठे ठेवायचा हा वाद त्यामुळे बराचसा नियमानेच मिटतो.

प्रत्येक प्रकल्पात कोडची प्रत ठेवून देणे हा सर्वांत सोपा मार्ग, आणि दहा-वीस ओळींसाठी तो बहुधा योग्यही. मोठ्या लायब्ररीसाठी मात्र तो महाग पडतो. मार्च २००२ मध्ये झेडलिब या डेटा संकुचित करणाऱ्या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष उघड झाला. दुरुस्ती १.१.४ आवृत्तीत आली, पण ज्या प्रोग्रामांनी आपापल्या आत झेडलिबच्या प्रती ठेवल्या होत्या ते एकेक शोधून दुरुस्त करावे लागले. डेबियन या लिनक्स वितरणाचे धोरण अशा अंतर्भूत प्रतींना विरोध करते.

दुसरे टोक म्हणजे सर्व प्रकल्प एकाच रिपॉझिटरीत ठेवणे. गूगलने २०१६ मध्ये आपल्या अशा रिपॉझिटरीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत सुमारे दोन अब्ज ओळी होत्या. लायब्ररीतील बदल आणि तिला हाक मारणाऱ्या कोडमधील बदल इथे एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, जाऊ शकतात. त्यासाठी लागणारी साधने उभारण्याची ताकद लहान गटांकडे नसते. स्वतंत्र रिपॉझिटरीत हा भार नाही, पण तिथे दोन प्रकल्प एकाच लायब्ररीच्या न जुळणाऱ्या आवृत्त्या मागतात आणि दोघांना वापरणारा तिसरा अडकतो.

प्रोग्रामिंग भाषेसोबतच येणाऱ्या प्रमाण लायब्ररीत जागा मिळवणे अनेकांना मानाचे वाटते. तिथून बाहेर पडायला मात्र वर्षे लागतात: पायथनने १९ जुनी मॉड्यूल काढण्याचे काम २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत पूर्ण केले. तरी काही कोडची खरी जागा तिथेच असते. टॉमल हे सेटिंग लिहिण्याचे फाइल-स्वरूप वाचणारे मॉड्यूल पायथन ३.११ मध्ये घेतले गेले, कारण पॅकेज बसवणाऱ्या साधनांना काहीही बसवण्याआधी टॉमल फाइल वाचावी लागते.

परवान्याचा मुद्दा अनेकदा उशिरा आठवतो. जीपीएल या कडक मुक्त परवान्याच्या ॲप्लिकेशनमधून कोड काढून एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याच्या लायब्ररीत टाकायचा, तर तो लिहिणाऱ्यांची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या गाभ्याचा, म्हणजे लिबव्हीएलसीचा, परवाना २०११ मध्ये असाच बदलण्यात आला; त्यासाठी जुन्या-नव्या योगदानकर्त्यांना गाठावे लागले.

जागा बदलल्यावर वापरकर्त्यांचा कोड मोडू नये म्हणून जुन्या पत्त्यावर काही काळ दुवा ठेवतात. गो भाषेत कॉन्टेक्स्ट पॅकेज २०१६ साली १.७ आवृत्तीत प्रमाण लायब्ररीत आले, तेव्हा जुन्या पॅकेजमधील प्रकार (टाइप) आणि नवा प्रकार भाषेच्या दृष्टीने वेगळे ठरण्याची अडचण होती. पुढच्या वर्षी १.९ आवृत्तीत आलेले टाइप अलायस, म्हणजे एकाच प्रकाराला दिलेले दुसरे नाव, मुख्यतः अशा स्थलांतरासाठीच होते. त्यांच्यामुळे दोन्ही पत्त्यांवरचा प्रकार एकच मानला जातो आणि प्रत्येक प्रकल्पाला आपल्या सोयीने नव्या जागी जाता येते.