‘ओरिजिनल दलाल’ म्हणजे नेमकं काय हो?

दिवाळी अंक म्हणजे काय हे पुणेकराला सांगत बसत नाही. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरुवात केली, १९४५ मध्ये चित्रकार दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ काढला, रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं घरोघरी गेली आणि आता तीच रद्दीतून उठून काचेच्या चौकटीत जाऊन बसलीत. घोळ आहे तो ‘ओरिजिनल’ या एका शब्दाचा.

विकणारा म्हणतो ‘ओरिजिनल’, म्हणजे त्या काळात छापलेलं, कालपरवाची झेरॉक्स नव्हे. घेणाऱ्याला ऐकू येतं, चित्रकाराने हाताने रंगवलेलं. खोटं कोणीच बोलत नाही, पण खिसा एकाचाच हलका होतो.

जुन्या बाजारात एका रविवारी माझा झाला. चौकटीत निरांजन घेतलेली बाई, कोपऱ्यात दलालांची सही. सही आहे म्हणजे मूळ चित्रच, असं मी धरून चाललो. अहो, सही चित्रातच असते. चित्र छापलं की तीही छापली जाते! अंकाच्या जितक्या प्रती, तितक्या सह्या. घरी येऊन भिंग लावलं तर बाईच्या गालावर गुलाबी-पिवळे ठिपके, कवायतीला उभे राहिल्यासारखे. पाठीमागचा पुठ्ठा काढला तर केसांच्या तेलाची जाहिरात.

ते ठिपके हीच खूण. चित्राचा फोटो जाळीतून काढून पिवळा, तांबडा, निळा असे वेगवेगळे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, करत आणि एकावर एक छापत. लांबून सलग दिसणारी त्वचा भिंगाखाली चाळणी होते. ब्लॉक जरा सरकलेला असेल तर पदराच्या कडेला निळं काहीतरी डोकावतं. सराफाकडचं दहापटीचं भिंग पुरतं.

हाताने रंगवलेल्या चित्रात ही कवायत नसते. ओठाची कड रंगाच्या थराने किंचित उचललेली, चूक झाकायला लावलेला पांढरा रंग, त्याखालून दिसणारी पेन्सिलची रेघ. उजेडात तिरकं धरलं की कुठे चमक, कुठे मळकटपणा. चित्र बहुतेकदा अंकापेक्षा मोठं असतं, समासात ब्लॉकवाल्यासाठी मापं असतात आणि अंकाचं नाव यायचं तिथे नुसतं आभाळ.

इथे जाणकारही घसरतात, ते फवाऱ्याने रंगवलेल्या चित्रांवर. मुळगावकरांचा त्यात हातखंडा. भिंगाखाली त्यातही बारीक कण दिसतात आणि लोक ‘छापील’ म्हणून मोकळे होतात. पण फवाऱ्याचे कण तुषारासारखे विखुरलेले असतात, कुठे दाट, कुठे विरळ. जाळीच्या ठिपक्यांमधलं अंतर सारखं असतं, बदलतो तो फक्त ठिपक्याचा आकार. एवढं डोळ्यात बसलं की बाकी सगळं सोपं.

सिनेमाच्या जुन्या लिथो पोस्टरांना मात्र ही फूटपट्टी लावू नका. तिथे कारागीर दगडावर नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर हातानेच चित्र उतरवायचा, त्यामुळे जाळी नसते, खडूने काढल्यासारखा रवाळ पोत दिसतो. तरी ते छापीलच. प्रभातच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि लॉबी कार्डं (थिएटरात लावायची सिनेमातल्या दृश्यांची कार्डं) यांत हा प्रश्नच नाही. पानं पुरती आहेत का बघा आणि घ्या.

छापीलच घ्यायचं तर अख्खा अंक घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुखपृष्ठ फाडून चौकटीत घालणारे आणि वर लॅमिनेशन मारणारे लोक मला सहन होत नाहीत. शिवण सुटलेला, कोपरा वाळवीने खाल्लेला अंकही चालेल, कारण त्यात अनुक्रमणिका आहे, किंमत आहे, साल आहे, आणि नशीब असेल तर मुखपृष्ठ कोणाचं त्याची ओळही. सेलोटेप लावलेला मात्र अर्ध्या भावातही घेत नाही. त्या चिकट्याचे तपकिरी पट्टे कागदात उतरतात आणि टेप गळून पडली तरी तसेच राहतात.