स्फोटकांचे वर्ग: आधी घटक, मग धोका

१८८४चा स्फोटक कायदा अजून लागू आहे. त्याखालचे नियम मात्र वारंवार बदलले. जुनी वर्गवारी घटकांवर होती. काळी दारू पहिल्या वर्गात, नायट्रो संयुगे तिसऱ्या, दारूगोळा सहाव्या, फटाके सातव्या. माल कशाचा बनलाय ते यावरून कळे. पेटला तर शेजारचे काय उरेल, ते कळत नसे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकांसोबत कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. आग आधी कापसाला लागली, मग स्फोटके उडाली.

२००८च्या नियमांनी या वर्गांच्या जोडीला संयुक्त राष्ट्रांचे १.१ ते १.६ हे धोका-विभाग आणले. १.१ म्हणजे सगळा साठा एकदम उडणारा, १.४ म्हणजे धोका बहुतेक खोक्यापुरता. ट्रकवरच्या नारिंगी चौकटीत १.१ला फुटत्या बॉम्बचे चित्र असते, १.४ला नुसता मोठा आकडा. हा आकडा पदार्थाचा नसून बांधलेल्या मालाचा असतो, हे भलेभले विसरतात. वीजेवर चालणारा डिटोनेटर, म्हणजे मुख्य स्फोट सुरू करणारी छोटी नळी, एका बांधणीत १.१, दुसऱ्या बांधणीत १.४ ठरतो.

खरा गुंता अमोनियम नायट्रेटचा. ते खतातही जाते आणि खाणीतल्या सुरुंगाच्या स्फोटकांतही. आंतरराष्ट्रीय यादीत ते साधारणपणे ५.१, म्हणजे ऑक्सिडायझर, दुसऱ्या पदार्थाला जळायला ऑक्सिजन पुरवणारा; त्या यादीतला पहिला, म्हणजे स्फोटकांचा, वर्ग त्याला लागत नाही. आपल्याकडे मात्र जुलै २०११मध्ये, वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेले मिश्रण कायद्याने स्फोटक मानले गेले. पाठोपाठ २०१२चे स्वतंत्र नियम आले. ज्या खतांतून नायट्रेट वेगळे काढता येत नाही, ती त्यांतून वगळली.

रसायनशास्त्र बदलले नव्हते, मग वर्ग का बदलला, असा आक्षेप घेता येतो. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण तोकडा. बॉम्बस्फोटांच्या तपासांत हाच पदार्थ पुन्हा पुन्हा सापडत होता आणि कोणी किती घेतले याचा हिशेब कुठेच लागत नव्हता. निर्णयाला उशीर झाला, एवढीच तक्रार रास्त. २०२०मध्ये बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेले सुमारे २,७५० टन नायट्रेट उडाले, तेव्हा 'हे स्फोटक की ऑक्सिडायझर' हा वाद कोणी काढला नाही.

दुहेरी ओळख मात्र कायम आहे. गोदामाचा परवाना स्फोटक कायद्याखालचा, पोत्यावरची पिवळी खूण ऑक्सिडायझरची.