व्यस्त स्पर्शज्या फलन

व्यस्त स्पर्शज्या फलन : काटकोन त्रिकोणातील समोरची व लगतची बाजू यांच्या गुणोत्तरावरून कोन काढून देणारे त्रिकोणमितीय फलन. बारावीचे विद्यार्थी आणि बांधकामवाले याला सर्रास ‘टॅन इन्व्हर्स’ म्हणतात. स्पर्शज्या (टॅन, म्हणजेच हे गुणोत्तर) दर १८० अंशांनी तेच मूल्य पुन्हा घेते, त्यामुळे एका गुणोत्तराला अनंत कोन लागू पडतात. त्यांपैकी −९० व ९० अंशांच्या दरम्यानचा एकच कोन मुख्य मूल्य म्हणून घेतात. गुणोत्तर कितीही वाढवले तरी ९० अंश गाठले जात नाहीत. टॅनच्या डोक्यावर −१ लिहितात तो घातांक नव्हे. १ भागिले टॅन ही गोष्ट निराळी.

गुणोत्तर लहान असेल तर गणित जवळजवळ करावेच लागत नाही. कॅसलरॉकहून दूधसागरवरून कुळ्याला उतरणाऱ्या ब्रागांझा घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. १/३७ म्हणजे ०.०२७०३, हाच रेडियनमधला कोन समजून (रेडियन हे कोनाचे एकक, १ रेडियन म्हणजे ५७.२९५८ अंश) ५७.२९५८ ने गुणले की १.५५ अंश मिळतात. दीड अंश ऐकायला किरकोळ, पण एवढ्याशा चढासाठी मालगाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात.

मोठ्या गुणोत्तरांसाठी अनंत श्रेढी (न संपणारी बेरीज-वजाबाकी) वापरतात; क्ष म्हणजे गुणोत्तर, उत्तर रेडियनमध्ये :

टॅन इन्व्हर्स क्ष = क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − क्ष⁷/७ + …

हिचे श्रेय केरळातील संगमग्रामच्या माधवाला (चौदावे शतक) दिले जाते. सिद्धता सोळाव्या शतकातील ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात आहे. युरोपात स्कॉटिश गणिती जेम्स ग्रेगरीला ती १६७१ मध्ये सापडली. क्ष = १ ठेवल्यास पायचा (π) चौथा हिस्सा मिळतो, पण श्रेढी इतकी रेंगाळते की १०० पदांनंतरही पाय ३.१३१६ वरच असतो. क्ष १ पेक्षा मोठा असल्यास ती चालतच नाही; तेव्हा १/क्ष चा कोन काढून ९० अंशांतून वजा करतात.

म्हणून खरे कसब श्रेढीत नाही, गुणोत्तर आधी लहान करून घेण्यात आहे. मंगळुरी कौलांच्या एखाद्या छपराला ३ मीटर आडव्या अंतरात २ मीटर उठाव दिला आहे असे समजू. २/३ थेट श्रेढीत घातले तर बरीच पदे मोजावी लागतील. त्याऐवजी ४५ अंशांपासूनचा (ज्यांचे गुणोत्तर १ असते) फरक पाहावा; त्या फरकाचे गुणोत्तर : (१ − २/३) ÷ (१ + २/३) = १/५. आता ०.२ − ०.००२६७ + ०.००००६ एवढ्यावर काम भागते. उत्तर ०.१९७४ रेडियन, म्हणजे ११.३१ अंश, छपराचा कोन ४५ − ११.३१ = ३३.६९ अंश. हाच १/५ इंग्रज गणिती जॉन मेचिनने १७०६ मध्ये वापरला. टॅन इन्व्हर्स १/५ च्या चौपटीतून टॅन इन्व्हर्स १/२३९ वजा केले की बरोबर ४५ अंश उरतात. त्यावरून त्याने पायचे १०० दशांश काढले.

कॅलक्युलेटरवर छपराचे उत्तर ०.५८८ दिसले तर तो रेडियनवर आहे एवढाच अर्थ. दिशा काढताना मात्र अधिक जपावे लागते. मुरगावच्या समुद्रात नांगरलेल्या जहाजापासून एक होडी ३०० मीटर पूर्वेला व ४०० मीटर उत्तरेला आहे, दुसरी तितकीच पश्चिमेला व दक्षिणेला. दोन्हींचे गुणोत्तर ४/३, दोन्हींना उत्तर ५३.१३ अंश. पूर्वेपासून डावीकडे मोजल्यास दुसरीचा खरा कोन २३३.१३ अंश आहे. भागाकार करताना दोन्ही उणे चिन्हे उडून जातात, म्हणून संगणकाच्या भाषांत ही दोन अंतरे स्वतंत्रपणे घेणारे वेगळे फलन दिलेले असते.