अक्षरओळख कधीपासून? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बालवाडीत मुलांना अक्षरे शिकवायची की नुसते खेळू द्यायचे, हा वाद आजचा वाटतो. खरे तर बालवाडी जन्मली तेव्हापासून तो चालू आहे, आणि बराच काळ त्यात ‘थांबा’ म्हणणाऱ्यांचीच सरशी होती.

फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाद ब्लांकेनबुर्ग इथे लहानग्यांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी, बागकाम हा तिथला दिनक्रम. वाचन-लेखन हा पुढच्या शाळेचा विषय.

मारिया माँटेसोरी यांची सुरुवातही अक्षरांपासून झाली नव्हती. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी १९०७ मध्ये बालगृह उघडले. पुढे पॉलिश पेपरची अक्षरे कापून ती पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल त्यांवरून बोट फिरवी आणि त्याच वेळी आवाज ऐके. डिसेंबरातल्या एका दिवशी मुले गच्चीवर खेळत होती. माँटेसोरींनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. त्याने ते काढले, क्षणभर थांबला आणि ‘मला लिहिता येतं!’ असे ओरडून फरशीवर ‘हात’ हा शब्द लिहिला. मग ‘धुराडे’, मग ‘छप्पर’. वाचन यायच्या आधी लेखन आले, हे त्यांनाही अनपेक्षित होते.

तरीही पुढची काही दशके गाजवली ती एका आकड्याने. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या विनेट्का इथे मेबल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न यांनी पहिलीतली मुले तपासली आणि १९३१ मध्ये निष्कर्ष मांडला: मानसिक वय (बुद्धिचाचणीतून ठरणारे वय) साडेसहा होईपर्यंत वाचन शिकवण्यात फारसा अर्थ नाही. आधार एवढाच: एक गाव, शिकवण्याची एक पद्धत. आर्थर गेट्स यांनी १९३७ मध्येच दाखवले की हे वय शिकवण्यावर अवलंबून असते. साहित्य चांगले असेल, शिक्षक लक्ष देत असेल, तर ते खाली येते. पण आटोपशीर आकडा माणसांना सोडवत नाही. ‘वाचनपूर्व तयारी’च्या नावाखाली मुले वर्षानुवर्षे सारखे आकार जोडत आणि ठिपके सांधत बसली.

हे चित्र बदलले ते मुलांकडे नीट पाहणाऱ्यांनी. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी शाळेत नुकत्याच आलेल्या पाच वर्षांच्या मुलांचे वर्षभर दर आठवड्याला निरीक्षण केले आणि १९६६ च्या प्रबंधात मांडले की वाचन एके दिवशी सुरू होत नाही, ते आधीपासून उगवत असते. १९७२ मध्ये त्यांनी तपासणीसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात एखादे चित्र उलटे, कुठे ओळींची अदलाबदल. मूल ते पकडते का, वाचायला कुठून सुरुवात करायची ते बोटाने दाखवते का, एवढेच पाहायचे. अक्षर एकही न येणारे मूलही इथे बरेच काही जाणत असते. चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये शाळेत न गेलेल्या मुलांच्या इंग्रजी लिखाणातल्या ‘चुका’ तपासल्या. ‘टी-आर’ने सुरू होणारे शब्द काही मुले ‘सी-एच-आर’ने लिहीत, कारण तो आवाज खरोखरच ‘च’कडे झुकतो. मुलांचे कान मोठ्यांपेक्षा तिखट होते.

कानाचे महत्त्व इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मोजले. शब्दातले आवाज टकटक करून दाखवा, असा खेळ होता. चार वर्षांच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना शब्दाचे उच्चारी तुकडे मोजता आले, म्हणजे ‘कमळ’चे क-मळ, पण सुटे ध्वनी एकालाही नाहीत. सहाव्या वर्षी ७० टक्क्यांना ते जमले. मग लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचे १९८३ चे काम आले. सुमारे ४०० मुलांमधून निवडलेल्या ६५ जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला, आणि ज्यांना आवाजांचे खेळ प्लास्टिकच्या अक्षरांसह शिकवले ते वाचनात सर्वांत पुढे गेले. नुसते आवाज नव्हे, आवाज आणि अक्षर एकत्र. माँटेसोरींच्या पॉलिश पेपरवर तेच घडत होते.

अमेरिकेतल्या लहान मुलांच्या साक्षरतेवरील राष्ट्रीय समितीने २००८ मध्ये आधीचे संशोधन एकत्र तपासून पुढच्या वाचनाचा अंदाज देणारी कौशल्ये नोंदवली. अक्षरओळख आणि ध्वनिजाणीव त्यांत आहेतच. त्यांच्याच जोडीला आणखी एक आहे, स्वतःचे नाव लिहिता येणे: चित्राच्या कोपऱ्यात, वाकडेतिकडे, कधी एखादे अक्षर उलटे.