थांबायला विसरलेला दाह

उसाच्या फडात पात्याने बोट कापले, तर सांगलीकडे हात आजही आधी हळदीच्या डब्याकडे जातो. तासाभरात जखमेभोवतीची जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकू लागते. ही चारही लक्षणे सुमारे २,००० वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन लेखकाने एकत्र नोंदवून ठेवली आहेत. त्रास होत असला तरी हा आजार नव्हे, डागडुजी आहे : रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाझरून आलेल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात आणि मोडतोड झालेले ऊतक साफ करतात. काम उरकले की शरीर हा दाह मुद्दाम थांबवते. त्यासाठी लागणारे काही रेणू ते मेदाम्लांपासून तयार करते.

दाहाचे कारणच जागचे हलत नसेल, तर मात्र हे थांबणे घडत नाही. आपल्या भागातले साधे उदाहरण मशेरीचे आहे. कित्येक घरांत ती दात घासण्याची वस्तू म्हणूनच वापरली जाते, पण ती भाजलेली तंबाखू आहे. दात आणि हिरडी यांच्या फटीत जंतूंचा थर साचून राहिला की पांढऱ्या पेशी तेथे वर्षानुवर्षे झुंजत राहतात आणि त्या झुंजीत दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसत असल्याने हिरड्यांतून रक्तही फारसे येत नाही, म्हणून दात हलू लागेपर्यंत दुखणे लक्षात येत नाही. चुलीचा धूर फुप्फुसात हेच करतो. पोटाभोवतीची वाढलेली चरबीदेखील निमूट साठा नसते. तिच्यातून स्रवणारी दाहकारक रसायने इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात.

परिणाम दूरवर पोहोचतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या कोलेस्टेरॉलभोवती दाह टिकून राहिला, तर तो थर फुटून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल न घटवता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाच्या मधल्या मात्रेने पुढील झटके, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले. दाह सरसकट बंद करता येत नाही, तो यामुळेच.

दुसरा परिणाम कमी ज्ञात आहे. दाह चालू असताना यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते, त्यामुळे शरीरातील लोह साठ्यातच अडकून पडते. अशा माणसाला लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन पुरेसे वाढत नाही.

मग हळदीचे काय? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा अभिमान रास्तच आहे. परंतु हळदीत दाहविरोधी कुर्क्युमिन जेमतेम काही टक्के असते आणि आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते. भाजीतली हळद चवीसाठी उत्तम. औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

सीआरपी या रक्तचाचणीतून दाह आहे एवढे कळते, तो कोठे आहे हे कळत नाही. आकडा वाढलेला दिसल्यावर डॉक्टरांनी आधी तोंड उघडायला सांगितले, तर मशेरीची गोष्ट लपवू नये.